घोड्याचा खरारा आणि इडलीपात्र

आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. राजकारणाशी त्यांचा संबंध नाही. त्या बाबतीत आमचे एकमत आहे, म्हणजे सगळेच सगळ्यांवर सारखे रागावलेले आहेत. हे पक्ष आहेत खेळांचे. खेळ म्हणजे आट्यापाट्या किंवा खोखो नव्हेत, पडद्यावरचे खेळ. ज्यांना व्हिडिओ गेम म्हणतात ते. धाकटे चिरंजीव मोठ्या खेळांच्या पक्षाचे. ज्या खेळावर कोट्यवधी डॉलर ओतलेले नाहीत, त्या खेळाकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. थोरली कन्या छोट्या खेळांच्या पक्षाची. एकट्यादुकट्याने घरात बसून केलेला, चित्रे जरा ओबडधोबड असलेला खेळ दिसला की तिचा चेहरा उजळतो. अशा खेळांना 'इंडी' म्हणतात, ही माहिती मला तिच्याकडूनच मिळाली. पहिल्यांदा तो शब्द मी इंदूरशी जोडला होता.

आमची ही अपक्ष आहे. माझ्या आईचे वय शहात्तर. तिच्या मते दोन्ही पक्ष डोळे बिघडवणारे आहेत. राहता राहिलो मी. मी कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्या लहानपणी शेजारच्या घरी टीव्हीला जोडायचा एक डबा आला होता. त्यातला मिशाळ मारिओ उड्या मारताना मी दारात उभा राहून पाहत असे. माझा या विषयाचा अधिकार एवढाच. पण घरात वाद झाला की निवाड्यासाठी प्रकरण माझ्याकडे येते. वर्गात दोन्ही बाजू मांडून निर्णय विद्यार्थ्यांवर सोडण्याची मला सवय आहे. घरात ती चालत नाही.

पहिली पाळी चिरंजीवांची होती. एका रविवारी दुपारी त्याने मला आपल्या खुर्चीवर बसवले, हातात ते दोन कर्णे असलेले यंत्र दिले आणि 'रेड डेड रिडेम्प्शन टू' नावाचा खेळ सुरू केला. २०१८ सालचा हा खेळ. १८९९ सालची अमेरिका, आर्थर मॉर्गन नावाचा एक दरोडेखोर, त्याची टोळी आणि मागे लागलेले कायद्याचे लोक. सुरुवातीलाच असा बर्फ की मी नकळत पंखा बंद करायला सांगितले. हा आर्थर दाढी करायला विसरला तर त्याची दाढी वाढते. त्याच्या घोड्याला चारापाणी करावे लागते, थोपटावे लागते आणि तो चिखलाने माखला की त्याला खराराही करावा लागतो.

माझे पणजोबा संस्थानात पागेवर कारकून होते, असे घरात सांगतात. त्या रक्ताचा परिणाम असेल, पण मला तो खरारा विलक्षण आवडला. मी घोडा माखवायचा आणि पुन्हा स्वच्छ करायचा, असे वीसेक मिनिटे चालले. शेवटी चिरंजीव हताश होऊन म्हणाला, "बाबा, गोष्ट पुढे न्या की! दरोडा कधी घालणार?"

"घालू रे," मी म्हटले. "घोडा वाळू दे."

संध्याकाळी त्या पडद्यावर सूर्य मावळला. दूरच्या डोंगरांवरचा उजेड हळूहळू जांभळा होत गेला. आर्थरचा घोडा गवतातून एकटाच चालला होता आणि मी काहीच करत नव्हतो. इतका सुंदर सूर्यास्त मी अलीकडे खऱ्या आकाशात पाहिलेला नाही. आमच्या गच्चीसमोर टॉवर झाला आहे, हेही त्याचे एक कारण असू शकेल. तात्पर्य, मोठ्या खेळांना नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. शेकडो चित्रकार, वादक, नट आणि गणिती वर्षानुवर्षे राबतात, तेव्हा असा एक सूर्य मावळतो. त्यांनी किती राबावे यावरून त्या खेळाच्या वेळी बरीच उलटसुलट चर्चाही झाली होती. ती कन्येने मला सांगितली. विरोधी पक्षाचे कामच ते.

या खेळांना खर्च किती येतो, हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. पण २०२३ साली अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्ध एक खटला चालला होता. त्यात सोनी कंपनीचे काही कागद न्यायालयात सादर झाले. आकडे दिसू नयेत म्हणून कोणीतरी त्यांवर काळ्या शाईची पट्टी ओढली होती. पण कागद स्कॅन झाल्यावर शाईखालचे आकडे वाचता येऊ लागले. उत्तरपत्रिकेतला खोडलेला मजकूर वाचण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे या प्रसंगाची मला फार मौज वाटली. 'द लास्ट ऑफ अस' या खेळाच्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते, तर 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१ कोटी २० लाख. या रकमेचे रुपये करून मी हिला सांगितले. ती डाळ निवडत होती. "एवढ्यात किती पूल झाले असते!" एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

मला मात्र त्या आकड्यांपेक्षा दुसरेच काही जाणवले. आर्थरचा खेळ दुसरा भाग. 'लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग. 'होरायझन'चाही हा दुसराच. इतका पैसा लागला की माणसाला नवी गोष्ट सांगायची भीती वाटू लागते. जी एकदा लोकांना आवडली तीच तो आणखी भरजरी करून सांगतो. आपल्याकडे हे काही नवीन नाही. गंधर्व नाटक मंडळीचे शालू खरे, गालिचे खरे, अत्तरसुद्धा खरे. प्रेक्षक धन्य झाले, आणि कंपनीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. ज्याच्या डोक्यावर डोंगर आहे त्याने नवे नाटक कोणत्या धैर्याने बसवावे?

आणि भीती खोटी नसते. सोनी कंपनीनेच २३ ऑगस्ट २०२४ रोजी 'कॉनकॉर्ड' नावाचा एक अगदी नवा खेळ बाजारात आणला. वर्षानुवर्षे त्यावर काम चालले होते. खेळायला माणसेच आली नाहीत. ६ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या पंधरवड्यात, तो बंद केला, घेतलेल्यांचे पैसे परत केले, आणि पुढे तो तयार करणारी संस्थाही बंद झाली. लग्नाचा मांडवसुद्धा यापेक्षा सावकाश उतरवतात. चिरंजीवांजवळ हा विषय काढू नये असा घरात नियम आहे.

कन्येची पाळी पुढच्या रविवारी आली. तिने प्रथम मला 'स्टारड्यू व्हॅली' दाखवला. शहरातल्या नोकरीला कंटाळलेला एक माणूस आजोबांच्या जुन्या शेतावर जातो आणि तिथे कोबी, बटाटे लावतो, एवढीच गोष्ट. हा खेळ एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने एकट्याने केला आहे. चित्रे त्याची, संगीत त्याचे, संवाद त्याचे आणि मागचे सगळे गणितही त्याचेच. साडेचार वर्षे तो घरात बसून हे काम करत होता. मध्ये एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवण्याची अर्धवेळ नोकरी करत होता, आणि संसाराचा बराचसा भार त्याच्या मैत्रिणीने उचलला होता. खेळ २०१६ च्या फेब्रुवारीत निघाला. २०२४ अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती हजार प्रतींची निघते आणि ती संपेपर्यंत लेखकाचे केस पांढरे होतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याने असले आकडे फार वेळ मनात ठेवू नयेत.

पण खरे सांगायचे तर त्या शेतीत माझे मन रमले नाही. मला अडवले ते दुसऱ्याच एका खेळाने. त्याचे नाव 'पेपर्स, प्लीज'. २०१३ साली लुकास पोप नावाच्या माणसाने तो केला, तोही एकट्याने, आणि वर्षाच्या आत. हा पोप आधी एका मोठ्या कंपनीत मोठ्या खेळांवर काम करत असे. ती नोकरी सोडून तो जपानात जाऊन राहिला. येताजाता विमानतळांवर पासपोर्ट तपासणारे अधिकारी त्याने पाहिले आणि त्याच्या मनात आले की, या कामाचाच खेळ का करू नये?

तर या खेळात तुम्ही आर्स्तोत्स्का नावाच्या एका कल्पित देशाच्या सरहद्दीवरचे कारकून असता. समोर रांग आहे. एकेक माणूस खिडकीशी येतो, कागद सरकवतो. नाव जुळते का, मुदत संपली आहे का, फोटो याचाच का, हे पाहायचे आणि हिरवा किंवा तांबडा शिक्का मारायचा. जितकी माणसे तपासाल तितका पगार. रात्री त्या पगारात घर चालवायचे: भाडे, जेवण, घराची ऊब, औषध. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका. चित्रे म्हणाल तर अगदी रांगोळीच्या ठिपक्यांची. माणसांचे चेहरे करडे, दगडासारखे. घोड्याला खरारा करणाऱ्या माझ्यासारख्या शौकिनाला यात आवडण्यासारखे काहीच नव्हते. तरी मी खिडकीशी बसलो, आणि दहाच मिनिटांत त्या कामात तरबेज झालो. तपासणी हा माझा धंदाच आहे.

थोड्या वेळाने एक गृहस्थ आला. त्याचे कागद चोख होते. मी हिरवा शिक्का मारला. जाताना तो म्हणाला, माझ्यामागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा सांभाळून घ्या. मागून ती बाई आली. तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नव्हता. परत गेले तर मला मारतील, असे ती सांगत होती.

मी तांबडा शिक्का मारला.

विचार करून नाही मारला. हात सवयीने गेला. ती बाई पडद्यावरून निघून गेली, पुढचा माणूस आला, आणि माझा हात थांबला. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर माझी नेमणूक होती. शेवटच्या दिवशी, पाच वाजायला थोडा वेळ असताना, एक मुलगी आली. खेड्यातून आली होती; हातात प्लॅस्टिकची पिशवी, सोबत कोणी नाही. तिच्याजवळ एक दाखला कमी होता. कोणता, ते आता आठवतही नाही. "दाखला घेऊन या, मग बघू," असे मी म्हटले. मुदत तेव्हाच संपत होती, हे मला ठाऊक होते आणि तिलाही. ती "बरं सर" म्हणाली आणि गेली. ती पुन्हा आली नाही. मी मान वर करून पुढच्या मुलाला "नेक्स्ट" म्हटले होते, तो आवाज त्या दुपारी मला माझ्याच खोलीत ऐकू आला.

"काय झालं बाबा?" कन्येने विचारले. "त्या बाईला सोडता येतं. दोनदा चूक माफ असते, तिसऱ्यांदा दंड होतो."

दोनदा चूक माफ असते! हे मला टेबलावर कोणी सांगितले नव्हते. आणि सांगितले असते तरी मी तशी चूक केली असती, असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही. मी खेळ तिथेच बंद केला. कोट्यवधींच्या खेळाने मला सूर्यास्त दाखवला. तो मी विसरलो नाही, विसरणारही नाही. पण ती पिशवीवाली मुलगी मात्र या ठिपक्यांच्या खेळाने परत आणली. मोठ्या कंपनीच्या बैठकीत असा खेळ कोणी सुचवला असता तर काय झाले असते, याची मी कल्पना करून पाहिली. 'लोक दिवसभर कचेरीत शिक्के मारतात, घरी येऊन पुन्हा शिक्के मारायला पैसे देतील?' या प्रश्नावर ती बैठक चहाआधीच उठली असती.

आता आईचे सांगतो. कन्येने एकदा आजीलाच पडद्यासमोर बसवले. खेळाचे नाव 'वेंबा'. २०२३ साली कॅनडातल्या टोरांटोच्या एका लहानशा चमूने तो केला. १९८८ साली तमिळनाडूतून कॅनडात गेलेले एक जोडपे आणि त्यांचा तिथेच वाढलेला मुलगा, यांची ही गोष्ट. दीड-दोन तासांत संपते. वेंबा ही त्यातली आई. तिच्याजवळ तिच्या आईची पाककृतींची जुनी वही आहे. पाने फाटलेली, मधली अक्षरे पुसलेली. वहीत जे उरले नाही ते आपण ओळखायचे आणि पदार्थ करायचा, हाच खेळ. पहिला पदार्थ इडली. ताटल्या कशा रचायच्या, तेवढेच पुसले गेले होते. कन्या मुद्दामच चुकीच्या रचत होती.

आई दोन वेळा गप्प बसली. तिसऱ्या वेळी तिला राहवेना. "अगं, अशा एकावर एक काय ठेवतेस! खालची इडली वरच्या ताटलीला चिकटेल. फिरवून लाव ती. वाफेला वाट नको का?"

ताटली फिरवली. इडल्या झाल्या. आईच्या चेहऱ्यावर असा काही आनंद दिसला की तिने त्या खऱ्याच वाढल्या असाव्यात. त्यानंतर तिने खुर्ची पुढे ओढली. मुलगा मोठा होतो, घरात तमिळ बोलायचे टाळतो, मित्रांत आपल्या डब्याची लाज बाळगतो, हे सगळे ती न बोलता पाहत होती. पुढे तोच मुलगा एकटा आईची वही उघडून स्वयंपाक करायला बसतो, आणि त्याला त्यातली अक्षरे धड वाचता येत नाहीत. त्या ठिकाणी आईने चष्मा काढून पदराने पुसला. माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याची मुले दर रविवारी फोनवर "हाय आजी" म्हणतात. त्यापुढे काय म्हणायचे, ते त्यांनाही सुचत नाही आणि आजीलाही.

त्या रात्री आईने कपाटातून आपली वही काढायला लावली. 'डाळ अर्धा शेर, गूळ त्याच्या निम्मा, तूप बेताने.' हे बेताने म्हणजे किती, ते कुठेच लिहिलेले नाही. कन्येने आजीजवळ बसून दोन पाने उतरवून घेतली. भावाच्या मुलांना पाठवली का, ते मी विचारले नाही.

कन्या गेल्या वर्षी इंजिनियर झाली. एका मोठ्या कंपनीत तिला नोकरीही लागली होती. रुजू होण्याचे पत्र आले होते, आणि शेजारच्या बिल्डिंगपर्यंत पेढे पोचले होते. एका रात्री जेवताना तिने सांगितले की, ती रुजू होणार नाही. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून वर्षभर एक खेळ करणार आहेत. छोटा. आम्हा कोणाकडून तिला पैसे नकोत, शिकवण्या करून ती आपला खर्च भागवील. फक्त मागची खोली हवी.

ताटातला भात गार होत गेला. मी जे बोललो ते कोणताही मध्यमवर्गीय बाप बोलेल तेच होते, त्यामुळे इथे लिहीत नाही. माझी बाजू अगदीच लंगडी नव्हती. 'स्टीम' नावाच्या दुकानात, जिथे हे खेळ विकतात, तिथे २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. म्हणजे दिवसाला पन्नास. त्यांतले बहुसंख्य खेळ कोणाच्या नजरेलाही पडत नाहीत. ज्याच्या चार कोटी प्रती खपल्या त्याचे नाव आपण ऐकतो. ज्याच्या चाळीस खपल्या तोही साडेचार वर्षे बसलेलाच असतो. त्याच्या मैत्रिणीनेही घर चालवलेलेच असते.

"हे सगळं मला माहीत आहे, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "पुण्यात 'राजी' केला ना लोकांनी!"

'राजी' मला ठाऊक होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या संस्थेचा खेळ, २०२० सालचा. राजी नावाची एक मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत जाते. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला, पैसे संपत आले, तेव्हा संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकला. पुढे तो खेळ जगभर गेला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याचे नावही लागले.

"फ्लॅट विकला," मी म्हटले. "ऐकलंस ना? फ्लॅट."

"फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, हे तुम्हीच सांगता ना वर्गात?"

हा वार वर्मी बसला. दादासाहेब फाळक्यांवर मी दर वर्षी एक तास बोलतो. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी एका वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून तिचा छोटा चित्रपट केला होता, हे सांगताना माझा आवाज चढतो. मग १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र', गिरगावातले कॉरोनेशन. मुले टाळ्या वाजवतात. कुंडीत वाटाणा लावून त्याच्यासमोर कॅमेरा धरून बसलेला माणूस आपल्याच घरात असेल तर त्याच्या बायकोला काय वाटत असेल, हे मी आजवर कोणत्याही वर्गात सांगितलेले नाही.

माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर आईने दिले. आई जेवताना सहसा बोलत नाही. "खोली दे तिला," ती म्हणाली. "माझ्या हातात आता एकच बांगडी आहे, ती काही मी काढून द्यायची नाही. पण खोली दे."

ही आणि मुले काही समजली नाहीत. मी समजलो.

मी एम.ए.ला असताना आम्ही तिघा मित्रांनी एक अनियतकालिक काढले होते. त्याचे नाव सांगत नाही. त्या वयात नावे फार भयंकर सुचतात. पन्नास आणि साठच्या दशकांतल्या चक्रमुद्रित अंकांच्या कथा वाचून आम्ही भारावलो होतो. मोठी मासिके, मोठे प्रकाशक, मोठी नाटके, सगळे सडले आहे असे आमचे मत होते. आणि आमच्या कविता त्यांनी परत पाठवल्या होत्या, हा निव्वळ योगायोग होता. पहिला अंक माझ्या फीच्या पैशांतून निघाला. दुसरा मित्रांच्या. तिसऱ्याला कोणाजवळच काही नव्हते. तेव्हा आईने हातातली एक बांगडी काढून दिली. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आम्ही सांगितले नाही. ती सांडशीने वाकडी झाली म्हणून मोडीत दिली, असे ती त्यांना म्हणाली. पहिल्या पगारात करून देईन, असे मी तिला म्हटले होते. पहिला पगार होऊन आता तेवीस वर्षे झाली. मधे फ्लॅट झाला, मुलांच्या फिया झाल्या, सोन्याचा भाव रोज पेपरात येतो; तो मी वाचतो आणि पान उलटतो. तिनेही आजवर कधी आठवण दिली नव्हती.

तिसऱ्या अंकाच्या आम्ही तीनशे प्रती छापल्या. चाळीस खपल्या. त्यातली एक एका तालुक्याच्या गावच्या शिक्षकांनी पोस्टाने मागवली होती. त्यांचे चार ओळींचे कार्ड माझ्याजवळ अजून आहे.

मागची खोली गेल्या महिन्यात रिकामी केली. मोडका पाळणा, बंद पडलेला मिक्सर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गुणांच्या वह्या आणि भिंतीला लागून सुतळीने बांधलेले ते गठ्ठे. कन्येने एक सोडला. फरशीवर बसून तिने अख्खा अंक वाचून काढला. मी दारात उभा होतो, परीक्षेच्या निकालाला उभा असावा तसा.

"कविता वाईट आहेत," ती म्हणाली.

"फार वाईट आहेत," मी म्हटले.

"ही एक बरी आहे. शेवटची." ती माझ्या मित्राची होती. तो आता बँकेत आहे.

मग तिघी मुली आल्या, तारा ओढल्या गेल्या, आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत उजेड दिसू लागला. खेळ कशाचा आहे ते मला अजून सांगितलेले नाही. आईला सांगितले असावे, कारण ती रोज दुपारी तिकडे जाऊन बसते आणि आल्यावर विचारले तर "आहे आपलं काहीतरी," म्हणते. चिरंजीवाने सुरुवातीला नाके मुरडली. आता, घोडा ठेवणार असाल तर खरारा कसा असावा, याबद्दल तो त्यांना फुकट सल्ला देतो. ही दहा वाजता चार कप चहा ठेवते. सोनाराकडे मी परवा जाऊन आलो. हल्ली माप ऑनलाइनही घेतात म्हणे. मी आईची उरलेली बांगडी कागदावर ठेवून पेन्सिलीने गोल काढून नेला होता.

गठ्ठे रद्दीत द्यायचे का, म्हणून हिने विचारले. मी हो म्हणणार होतो. कन्येने दोन ठेवून घेतले. त्यांच्यावर कॉम्प्युटरचा पडदा ठेवला की बरोबर डोळ्यांच्या पातळीवर येतो, मान दुखत नाही, असे ती म्हणते.